कॅम्पर ट्रेलर घेताय? आधी खाली वाकून बघा



डिसेंबर उजाडला की नागपुरात दोन हंगाम एकदम सुरू होतात. एक विधिमंडळाच्या अधिवेशनाचा, दुसरा भटकंतीचा. पहिल्यावर बोलायला माणसं पुष्कळ आहेत, तेव्हा मी दुसऱ्यावर बोलतो, आणि त्यातही एका नव्या हौसेवर. मोटारीच्या मागं जोडून न्यायची चाकांवरची खोली, म्हणजे कॅम्पर ट्रेलर. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता मुंबईच्या वेशीपर्यंत मोकळा झाला. पेंचचं जंगल तर आपल्याला हाकेच्या अंतरावर. तिकडच्या रिसॉर्टचे सुटीतले भाव ऐकून माणूस गप्प होतो. मग मोबाइलवर ऑस्ट्रेलियातलं एखादं कुटुंब समुद्राकाठी ट्रेलर उभा करून निवांत चहा पिताना दिसतं आणि डोक्यात हिशेब सुरू होतो, की एकदा पैसे घातले की जन्माची सोय झाली.

तसा चाकांवरचा संसार आपल्याला नवा नाही. रस्त्याकडेला भाता फुंकत विळे-कुऱ्हाडी घडवणारे गाडी लोहार पिढ्यान्‌पिढ्या गाडीतच नांदले. पण त्यांना गाडीचा खिळा न्‌ खिळा ठाऊक असे. आपण घेणार ती वस्तू दुसऱ्यानं बनवलेली, म्हणून चार गोष्टी आधी समजून घ्यायच्या.

ट्रेलर बघायला गेलात की विकणारा पहिल्यांदा दार उघडतो. आत मऊ गादी, दुमडता ओटा, कपाटाखाली निळे दिवे. घरची मंडळी तिथंच खूश होतात. माझं म्हणणं असं, की तुम्ही आत शिरूच नका. आधी खाली वाका. आतल्या सामानाची किंमत कोणताही सुतार उभ्या उभ्या सांगेल. खरा पैसा ॲक्सल, बेअरिंग, कमानी पाटे, टायर आणि चॅनेलच्या जोडांत असतो, आणि स्वस्त ट्रेलर बहुतेक वेळा तिथंच स्वस्त केलेला असतो. जोडाजवळचा रंग फार ताजा, फार जाड दिसला तर थोडा खरवडून बघा. पुट्टीखालचा गंज लगेच हाताला लागतो. चाक जॅकवर उचलून दोन्ही हातांनी हलवा. खडखडलं तर बेअरिंगचं काम निघालं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायरची नक्षी कोरी दिसते म्हणून भुलू नका. ट्रेलर वर्षातले बहुतेक दिवस उभाच असतो, त्यामुळं त्याचे टायर झिजत नाहीत, वाळतात. असा वाळका टायर मे महिन्यात समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर किती टिकेल, याचा भरवसा कोणताच मेकॅनिक देणार नाही.

जुना ट्रेलर असेल तर आणखी एक करा. आतल्या कोपऱ्यांत, खिडकीखाली आणि छताच्या सांध्याजवळ प्लायवूड अंगठ्यानं दाबून बघा. दबलं की समजा पाणी मुरलंय. वरून चिकटवलेला नवा वॉलपेपर बऱ्याचदा त्याचसाठी असतो.

आता वजन. हे शहरातल्या माणसाला समजावून सांगावं लागतं. ज्यांनी बंडी हाकली त्यांना मुळीच नाही. बंडीत कापूस भरताना भार मागं गेला तर बंडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. भार पुढं जास्त झाला तर धुरजड होते आणि बैल मानेनं थकतात. ट्रेलरचं गणित नेमकं तेच. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा गाडीच्या हिचवर, म्हणजे मागं बसवलेल्या जोडावर, टेकला पाहिजे. ६०० किलोचा ट्रेलर असेल तर ६० किलो, थोडं वर चालेल. त्याहून फार कमी असेल, म्हणजे भार मागं असेल, तर वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि झुलता झुलता गाडीलाही ओढतो. अशा वेळी कचकन ब्रेक मारायचा नसतो. स्टिअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा आणि वेग आपला आपण उतरू द्यायचा.

हिचवरचा भार घरीही मोजता येतो. सपाट जागी, कपलरच्या, म्हणजे ट्रेलरच्या हिचला अडकणाऱ्या तोंडाच्या, उंचीचा लाकडी ठोकळा वजनकाट्यावर उभा करायचा आणि त्यावर कपलर टेकवायचा. एकूण वजनासाठी मात्र धरमकाटा. कळमना बाजाराच्या बाजूला काट्यांची वाण नाही. पण ट्रेलर भरून न्या, कारण विकणारा सांगतो ते रिकाम्याचं वजन. १०० लिटरची पाण्याची टाकी भरली की १०० किलो तिथंच वाढले. बॅटरी, सिलिंडर, खुर्च्या, भांडी, पांघरुणं. आणि वऱ्हाडी कुटुंब निघालं की चिवड्याचा डबा वेगळाच. पाण्याची टाकी ॲक्सलच्या वर किंवा अगदी जवळ असलेली बरी. ती मागच्या टोकाला बसवली असेल तर बनवणाऱ्याला बंडीसुद्धा कळत नाही असं खुशाल समजा.

हे सगळं ओढणार कोण? आपल्या गाडीचं मालकपुस्तक काढा आणि ट्रेलरबद्दल काय लिहिलंय ते वाचा. बऱ्याच लहान गाड्यांच्या पुस्तकात ट्रेलर जोडू नका असं स्पष्ट छापलेलं असतं. बंपरमागची ओढायची कडी बंद पडलेली गाडी हलवण्यासाठी असते, रोजच्या ओढकामासाठी नाही. ‘घ्या साहेब, अर्ध्या तासात हिच वेल्ड करून देतो’ असं कुणी म्हणालं तर हात जोडून निघून या. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार अशा वेगळ्या चासीच्या गाड्यांना हिच नीट बोल्टनं बसवता येतो. पातळ पत्र्याला वेल्ड केलेला हिच एखाद्या खड्ड्यात पत्र्यासकट निघेल. ब्रिटनमधले कॅराव्हॅनवाले नवशिक्यांना सांगतात, की भरलेला ट्रेलर गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून जड नको. आपल्या रस्त्यांवर मी तर निम्म्याच्या वर जाऊ नका म्हणेन. ७५० किलोच्या वर ट्रेलर गेला की युरोपात त्याला स्वतःचा ब्रेक सक्तीचा आहे. नागपूर सपाट असल्यामुळं ब्रेकची उणीव इथं जाणवत नाही. चिखलदऱ्याचा किंवा पचमढीचा घाट उतरताना जाणवते.

रिव्हर्सचं काय सांगू! स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की ट्रेलर डावीकडे जातो. रिंग रोडच्या पलीकडे एखाद्या ओसाड लेआऊटमध्ये पुरेसा सराव होईपर्यंत कुटुंबाला सोबत घेऊ नका. घरात शांतता राहते.

आणि आता कागद. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणं ट्रेलर हे स्वतःच एक मोटार वाहन आहे. इंजिन नाही म्हणून सूट मिळत नाही. त्याची वेगळी नोंदणी आणि वेगळा क्रमांक लागतो. केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर बिगर-वाहतूक वाहनांच्या यादीत आहे. म्हणजे आपल्या कुटुंबापुरता वापरलात तर परमिटचा प्रश्न येत नाही. भाड्यानं द्यायचा विचार आला की तो धंदा झाला आणि नियम बदलले. नोंदणीसाठी नमुना २० चा अर्ज लागतो. त्यासोबत विक्रेत्याकडून नमुना २१, म्हणजे विक्री प्रमाणपत्र, आणि बनवणाऱ्याकडून नमुना २२, म्हणजे वाहन नियमांप्रमाणं बनवल्याचा दाखला. हा नमुना २२ फार महत्त्वाचा. तो देण्यासाठी त्या मॉडेलची चाचणी मान्य संस्थेत झालेली असावी लागते. अशा संस्था आपल्याच राज्यात आहेत: पुण्याची एआरएआय, पुण्याचीच सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई.

आपल्याकडं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारे कारागीर हुशार आहेत, यात वाद नाही. त्यांच्यातला एखादा लाखा-दोन लाखांत खोली उभी करून देईलही, आणि वेल्डिंग कदाचित कंपनीपेक्षा सरस असेल. पण त्याच्याकडं नमुना २२ नसेल तर तुमच्या अंगणात सुंदर खोली उभी राहील, रस्त्यावर चालणार नाही. ‘आरटीओचं मी बघतो’ हे वाक्य ऐकलं की ते कागदावर सहीनिशी लिहून मागा. बहुतेक जण तिथंच विषय बदलतात.

विम्याचंही तेच. गाडीचा विमा आहे म्हणून ट्रेलर आपोआप त्यात येत नाही. ट्रेलरची नोंद करून, त्याचा हप्ता भरूनच तो आत येतो. ट्रेलरनं कुणा दुचाकीवाल्याला उडवलं आणि नोंद नसली, तर भरपाई घरातून द्यायची वेळ येऊ शकते. जुना ट्रेलर घेताना चासीवर ठोकलेला नंबर आणि नोंदणी पुस्तकातला नंबर स्वतः ताडून बघा, नुसत्या झेरॉक्सवर जाऊ नका.

ट्रेलर नको, जुनी व्हॅन घेऊन तिचंच घर करतो, असं म्हणणाऱ्यांसाठी एक वाक्य. कायद्याचं कलम ५२ मूळ रचना बदलण्याच्या आड येतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये हे कलम कडक अर्थानं लावलं आहे.

सगळं जमलं तरी हवामान उरतं. नागपूरचा पारा उन्हाळ्यात ४७ अंशांपर्यंत जाऊन आलेला आहे. पत्र्याच्या डब्यात दुपारी काय होईल ते सांगायला नको. विकणारा म्हणेल, वर सोलर आहे, आत एसी आहे. जरा हिशेब करा. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तास. साधी लेड-ॲसिड असेल तर बॅटरी न मारता त्यातली निम्मीच वापरता येते. एक टनाचा एसी तासाला हजाराच्या आसपास वॅट-तास खातो. म्हणजे अर्धा तास गारवा आणि मग रात्रभर अंधार. १२ व्होल्टचा २५ वॅटचा पंखा मात्र त्याच बॅटरीवर रात्र काढतो. आपला लाडका कूलर बंद खोलीत हवा नुसती दमट करतो. समोरासमोर खिडक्या असतील तरच उपयोगी. तेव्हा एप्रिल ते जून गेले. पावसात ताडोबा-पेंचचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद. आपला खरा हंगाम ऑक्टोबर अखेर ते मार्च. बाकीचे सात महिने ट्रेलर उभा राहणार, आणि त्यात उंदीर राहणार. ती जागा, ते शेड, ती ताडपत्री किमतीत धरा.

स्वयंपाकाच्या गॅसबद्दल एवढंच: एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून हवेची जाळी खाली, फरशीजवळ हवी. अनेक ट्रेलरमध्ये ती फक्त वर असते. थंडी आहे म्हणून बंद खोलीत शेगडी कधीही ठेवू नका. आणि ट्रेलर चालता असताना आत माणूस बसवायचा नाही, मुलांनी कितीही हट्ट केला तरी.

राहायचं कुठं? महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, त्यात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. पण धोरण आलं म्हणून प्रत्येक तलावाकाठी वीज, पाणी आणि मैला सोडायची सोय आहे असं धरून निघू नका. पेंचच्या महाराष्ट्रातल्या जंगलाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथलं आकाश बघण्यासारखंच आहे. पण वनखात्याच्या जागेत मनाला येईल तिथं ट्रेलर उभा करता येत नाही. गेटबाहेरच्या एखाद्या रिसॉर्टवाल्याशी किंवा शेतमालकाशी आधी बोलून ठेवा. विजेचं एक टोक आणि संडास मिळाला तर ट्रेलरमधलं निम्मं सामान लागतच नाही, हे तेव्हा कळतं.

मला विचाराल तर वर्षाला आठ-दहा रात्रींसाठी कुणी ट्रेलर घेऊ नये. भाड्याची कॅराव्हॅन आणि चांगला तंबू त्यात स्वस्त पडतो. ज्यांच्याकडं ओढायला दणकट गाडी आहे, उभा करायला स्वतःची जागा आहे आणि हाताला पाना धरायची सवय आहे, त्यांनी जरूर घ्यावा. ७५० किलोच्या आतला, कमी सामानाचा, एसी नसलेला. आणि घेणार असाल तर टोकन देण्याआधी नमुना २१, नमुना २२ आणि चासी नंबरचा फोटो घेऊन आपल्या आरटीओत एकदा जाऊन या. एमएच ३१ असो, ४९ असो की ग्रामीणचं ४०, ‘याची नोंदणी होईल का’ हे विचारायला पैसे पडत नाहीत.