पचमढीची पहिली कोठी

भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात मराठी घरे वसत गेली. रायपूरचा तात्यापारा हा त्यांच्या वस्तीचा एक जुना मोहल्ला. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला, तेव्हापासून १९५६ पर्यंत या मोहल्ल्याची राजधानी नागपूर होती. परंतु वैशाखाचे ऊन तापू लागले, की दप्तरे घेऊन सरकार सातपुड्यावर, साडेतीन हजार फूट उंचीवरील पचमढीस मुक्काम हलवी. रायपूर उन्हात पोळत असे आणि त्याचा कारभार गार वाऱ्यात चाले! काँग्रेसच्या मंत्र्यांनाही हा मोह सुटला नाही. डॉ. ना. भा. खरे आणि रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल यांच्या पक्षांत मे १९३८ मध्ये समेट घडविला गेला, तो पचमढीसच. दोन महिन्यांत तो मोडला.

या उन्हाळी राजधानीतील सर्वांत जुनी वास्तू म्हणजे ‘बायसन लॉज’. ती बांधणारा कॅप्टन जेम्स फोर्सिथ १८५७ साली येथे आला, असे सांगण्याचा प्रघात आहे. तो बरोबर नाही. रिचर्ड टेंपलने त्याला जंगलांच्या पाहणीस धाडले ते १८६२ मध्ये. हा फरक क्षुल्लक नव्हे. १८५८ मध्ये तात्या टोपे याच डोंगरांत आले होते. त्यांना साथ देणारे हर्राकोटचे कोरकू जहागीरदार भभूतसिंह यांना इंग्रजांनी मृत्युदंड दिला. साहेबाला येथील थंड हवा मानवली, ती हे बंड मोडल्यानंतर.

कोठीच्या नावातला ‘बायसन’ म्हणजे आपला गवा. फोर्सिथ त्याचा शिकारी, आणि वनाधिकारीही. त्याच्या ओसरीवरून बंदूक निघे, तसाच जंगल राखण्याचा हुकूमही. १८६५ मध्ये जवळचे बोरीचे जंगल राखीव झाले. सागवान वाचले, हे मान्यच केले पाहिजे. पण ज्या रानात कोरकू आणि गोंड पिढ्यान्‌पिढ्या दह्या जाळून कोदो-कुटकी पेरीत आले, तेथे त्यांना परवानगीवाचून कुऱ्हाड चालविता येईना.

सरकारचे उन्हाळी मुक्काम पुढे थांबले. १९८१ मध्ये सातपुडा राष्ट्रीय उद्यान झाले. शिकाऱ्याच्या कोठीत आता वनखात्याचे संग्रहालय आहे, आणि प्रवाशांना रान पाहण्याचे परवाने तेथूनच दिले जात आले आहेत. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशाचे मंत्रिमंडळ पुन्हा एकदा पचमढीस बसले. तेथील अभयारण्याला भभूतसिंहांचे नाव देण्याची घोषणा त्या वेळी झाली. कोठीचे नाव मात्र अजून गव्याचेच आहे.