सोंगाची चाल

होळी होऊन गेली म्हणजे पेठ, सुरगाणा आणि पलीकडील जव्हार-मोखाडा या डोंगरी मुलखांत बोहाड्याचे दिवस येतात. टेंभ्यांच्या उजेडांत रात्रभर एकामागून एक सोंग नाचत येतें. आरंभीं गणपति आणि शारदा, मागून वीर, दैत्य, राक्षस आणि अखेरीस महिषासुराचा वध करणारी देवी. ज्या श्रोत्यांनीं बोहाडा पाहिला असेल, त्यांना हें ठाऊकच आहे कीं, सोंग केवळ मुखवट्यावरून ओळखावयाचें नसतें. शारदा ज्या पावलांनीं येते त्या पावलांनीं राक्षस येत नाहीं, आणि संबळाचा ठेकाहि त्याबरोबर पालटतो. पुष्कळ गांवीं एकेका सोंगाचा मान एकेका घराकडे असतो. मुखवटा जपणें, रंगविणें आणि तें ओझें पेलून नाचणें, हें त्या घराचें काम.

दुसऱ्याचें रूप घेऊन खेळण्याची हीच हौस हल्लींचीं मुलें संगणकाच्या पडद्यावर भागवितात. या खेळांचें मूळ १९७४ सालीं अमेरिकेंत निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या कागद-फाशांच्या खेळांत आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं त्यांत योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक असे तीनच पेशे ठेवले होते. पुढें ते वाढत गेले. २००४ सालच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळांत ते आरंभींच नऊ होते.

त्यांतला शिकारी पाहण्यासारखा होता. त्याला बाण विकत घ्यावे लागत. भात्यानें एका पिशवीची जागा अडे, आणि ऐन अरण्यांत बाण संपले तर फजिती ठरलेली. पाळलेलें श्वापद उपाशी राहिलें कीं रुसे, आणि फारच हेळसांड झाली तर सोडूनहि जाई. चेटक्याला मरत्या शत्रूच्या आत्म्याचे तुकडे गोळा करून ठेवावे लागत. सारा उपद्व्यापच; परंतु त्या उपद्व्यापानेंच शिकारी शिकाऱ्यासारखा आणि चेटक्या चेटक्यासारखा वागे.

२०१० मध्यें भाता गेला, पुढल्या वर्षीं श्वापदाचा रुसवा गेला. दहाव्या पायरीपासून दर पायरीला एकेक गुण घालून वाढवावयाचा कौशल्यवृक्ष प्रथम छाटला गेला, आणि २०१२ मध्यें तो समूळ काढून सहा वेळां तिहींतून एक निवडण्याची सोय तेवढी राहिली. रचनाकारांचें म्हणणें असें कीं, बहुतेक खेळाडू दुसऱ्याचीच उत्तम ठरलेली मांडणी उतरून घेतात; मग निवड उरली कोठें? शिवाय अमुक पेशाचा गडी नाहीं म्हणून टोळी अडून बसूं नये. हें म्हणणें खोटें नव्हतें. पण मुलें निबंध उतरून काढतात म्हणून निबंधच बंद करावा, त्यांतला हा इलाज! एकाचा गुण दुसऱ्यालाहि देतां देतां पेशांची नांवें राहिलीं, आणि खेळाडू एकमेकांस ओळखूं लागले तें मार झेलणारा, जखमा भरणारा आणि घाव घालणारा या तीन कामांवरून. जुन्या खेळाडूंचा वैताग आहे तो येथेंच.

बोहाड्यांत उद्यां कोणी ठरविलें कीं, सर्व राक्षसांना एकच ठेका आणि एकच हलका मुखवटा पुरे, तर रात्र लवकर आटोपेल, नाचणाऱ्याची मानहि अवघडणार नाहीं. मात्र पहांटेपर्यंत माणसें कोणाची वाट पाहत बसतील?

खेळाच्या मालकांनाहि पुढें माघार घ्यावी लागली. २०१९ मध्यें त्यांनीं जुना खेळ जुन्याच स्वरूपांत पुन्हां सुरू केला, आणि २०२२ मध्यें नव्या खेळांतहि कौशल्यवृक्ष परत लावला. भाता मात्र नव्या खेळांत परत आला नाहीं. ज्यांना तो हवा होता, ते जुन्या खेळांत जाऊन पुन्हां दुकानदारापाशीं बाण विकत घेऊं लागले.