पुढील तपासणी करावी की न करावी?
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून मंडळाच्या वाटचालीविषयी पुष्कळ बोलून झाले आहे. आम्हां उभयतांकडे आलेला विषय मात्र हळदीकुंकवाला कुजबुजत बोलला जातो आणि सभेत कधीच उच्चारला जात नाही. उशिराच्या वयात दिवस गेले असता डॉक्टर एकामागून एक तपासण्या सुचवितात. त्या कुठवर कराव्यात?

1959 साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. त्या सुमारास आलेल्या कुटुंबांतील सुना विशीतच आया होत. पुढे मुली शिकल्या, नोकऱ्या करू लागल्या, आणि पस्तिशीनंतरचे बाळंतपण नवलाईचे राहिले नाही. सासर नागपुरास, माहेर अमरावतीस, आणि निर्णय घ्यायचा तो सुपेल्याच्या दोन खोल्यांत, असा प्रसंग आमच्यावर आला तेव्हा आमच्यापैकी एकीस एकोणचाळिसावे सरले होते.

वय वाढते तसा बाळास डाउन सिंड्रोम असण्याचा संभव वाढतो, हे खरे. पंचविशीत तो सुमारे साडेबाराशेंत एक, पस्तिशीत साडेतीनशेंत एक आणि चाळिशीत शंभरांत एक असतो. परंतु शंभरांत एक म्हणजे नव्व्याण्णव जणींच्या बाळांस तो नसतो, हा हिशेब घाबरलेल्या मनास सुचत नाही. अकरा ते तेरा आठवड्यांतील एनटी सोनोग्राफी व डबल मार्कर आम्ही केली. मोबाइलवर अहवाल आला. त्यात 'हाय रिस्क' हे दोन शब्द आणि दीडशेंत एक हा आकडा. समजावून सांगणारे कोणीही नाही. ती रात्र आम्ही बसून काढली.

नंतर एका अनुभवी डॉक्टरीणबाईंनी आम्हांस सोप्या शब्दांत सांगितले, की ही चाळणी आहे, निदान नव्हे. धान्य चाळले म्हणजे चाळणीत उरलेला प्रत्येक दाणा खडा नसतो. दहाव्या आठवड्यानंतर करता येणारी एनआयपीटी ही आईच्या रक्ताची तपासणी फार बारीक चाळणी आहे, खर्चही भारी. पण तीही चाळणीच. खात्रीचे निदान हवे तर अकराव्या आठवड्यानंतर वारेचा अंश किंवा पंधराव्यानंतर गर्भजल सुईने काढून गुणसूत्रे पाहावी लागतात. त्यात गर्भपाताचा धोका हल्ली हजारांत एक ते तीन इतका मानतात. अल्प आहे, पण शून्य नाही.

मग त्यांनी विचारले, "उत्तर वाईट आले तर तुम्ही काय कराल?" आमची उत्तरे वेगवेगळी निघाली. एकीचे म्हणणे, जसे असेल तसे मूल आपलेच. मग सुई कशाला? दुसऱ्याचे म्हणणे, आधी कळले तर तयारी करता येईल, कारण अशा मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात दोष असतो. तीन दिवस आमच्यात बोलाचाली झाली, अबोलाही झाला. अखेर सुई नको, एनआयपीटी आणि पुढे बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करावी, असे ठरले. अहवाल समाधानकारक आला. तो तसा आला म्हणून निर्णय योग्य ठरला, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. निर्णय अहवालापूर्वीचा होता. आमच्या परिचयातील दुसऱ्या एका दांपत्याने गर्भजल तपासले, दोष निघाला, आणि त्यांनी गर्भ पुढे वाढविला नाही. त्यांच्या घरचे आमचे जाणे-येणे पूर्वीसारखेच आहे. या दोन्ही वाटा माणसांच्याच आहेत.

गर्भजल तपासणीस आपल्या देशात वाईट इतिहास आहे, तोही सांगावयास हवा. 1975 च्या सुमारास दिल्लीच्या एम्समध्ये ती जन्मजात दोषांसाठी सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत मुली गर्भातच खुडण्याचे हत्यार बनली. 1988 साली महाराष्ट्राने तीविरुद्ध देशातील पहिला कायदा केला. 1994 साली केंद्राचा आला. सोनोग्राफीच्या वेळी जो फॉर्म भरून घेतात तो यामुळेच. त्याच केंद्रीय कायद्याने अशा निदानास ज्या कारणांसाठी मुभा दिली, त्यांत आईचे वय पस्तिशीपुढे असणे हेही आहे. तेव्हा चोरी केल्यासारखे वाटण्याचे कारण नाही.

वेळेचे भान मात्र हवे. 2008 साली मुंबईच्या एका दांपत्यास बाळाच्या हृदयातील दोष विसाव्या आठवड्यानंतर कळला. डॉ. निखिल दातार यांच्यासह ते उच्च न्यायालयात गेले, आणि परवानगी नाकारली गेली. 2021 च्या दुरुस्तीनंतर गर्भात दोष असल्यास दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत, आणि दोष गंभीर असल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीने त्यापुढेही मार्ग आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती कायद्यास पुरते. पतीची वा सासूबाईंची लागत नाही. हे वाक्य आमच्यापैकी ज्याने आत्ता वाचले तो पतीच आहे!

जाता जाता एक. छत्तीसगड आणि विदर्भ, आपले दोन्ही मुलूख सिकलसेलचे. त्यास वयाचे बंधन नाही. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर दर खेपेस चारांत एक बाळ आजारी होण्याचा संभव असतो. ती साधी रक्ततपासणी तरुण जोडप्यांनीही लग्नापूर्वी किंवा पहिल्या महिन्यांतच करून घ्यावी.

आता आपले प्रश्न घेऊ. उभे राहून विचारण्यास संकोच वाटत असेल, तर चिठ्ठी लिहून पाठवावी. चिठ्ठीवर नाव घालण्याची आवश्यकता नाही.