शस्त्रक्रियेपूर्वीचे दोन प्रश्न
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, धाराशिव येथे दिलेले भाषण)



आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा आपल्याकडे प्रघात नाही. परंतु प्राणापेक्षा संकोच मोठा नव्हे. म्हणून पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

संकोच कसा सोडावा, हे आपल्याच जिल्ह्यातील माताभगिनींनी दाखविले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांतून १९९९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाचा त्यात प्रमुख वाटा होता. त्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अंतर्भाव होता. एकदाच केलेल्या विषाणूच्या चाचणीने या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटतात, हे त्यातून २००९ साली जगापुढे आले. मग पुरुषांनीच का मागे राहावे?

मात्र येथे थोडा विवेक हवा. प्रोस्टेटची चाचणी सर्वांनी सरसकट करावी, असे शास्त्र सांगत नाही. उतारवयात लघवीस अडथळा होतो तो बहुधा ग्रंथीच्या साध्या वाढीमुळे. उलट आरंभीचा कर्करोग पुष्कळदा काहीच लक्षण दाखवीत नाही. म्हणून पन्नाशीनंतर, आणि वडिलांस वा भावास हा रोग झाला असल्यास त्याहूनही आधी, वैद्यांचा सल्ला घ्यावा.

रक्तातील पी.एस.ए. वाढले म्हणजे कर्करोगच, असे नव्हे. साध्या वाढीने व जंतुसंसर्गानेही ते वाढते. वैद्य गुदद्वारातून बोटाने ग्रंथी चाचपतात, एम.आर.आय. काढतात, आणि शंका राहिल्यास सुईने ग्रंथीचे सूक्ष्म तुकडे काढून तपासतात. निदान पक्के होते ते या तुकड्यांवरूनच.

निदान झाल्यावर दोन प्रश्न उरतात. पहिला, रोग किती उग्र आहे? त्याचे उत्तर ग्लीसन यांनी १९६६ साली मांडलेल्या गुणांकनाने मिळते. ६ हा अंक सौम्यतेचा, ८ ते १० उग्रतेचा. दुसरा, रोग कोठवर पोहोचला आहे? पहिल्या दोन पायऱ्यांत तो ग्रंथीतच असतो, तिसरीत आवरणाबाहेर पडतो, चौथीत शेजारच्या अवयवांत शिरतो. पुढे लसिकाग्रंथी व हाडेही गाठतो. उग्रतेची शंका असल्यास हाडांचा स्कॅन किंवा पेट स्कॅन करतात.

ही उत्तरे हाती नसता शस्त्रक्रियेची घाई करणे म्हणजे नांगरट न पाहता पेरणी करणे होय. रोग हाडांत गेला असेल, तर केवळ ग्रंथी काढून तो बरा होत नाही. तो सौम्य व ग्रंथीपुरताच असेल, तर नियमित तपासणी करीत थांबणे हाही योग्य उपचार ठरतो. ग्रंथीपुरता रोग असलेल्या १,६४३ पुरुषांवरील ब्रिटनमधील प्रयोगाचे १५ वर्षांचे निष्कर्ष २०२३ साली आले. शस्त्रक्रिया, किरणोपचार वा निरीक्षण, काहीही केले तरी शंभरातील सुमारे ९७ जण या रोगाने दगावले नाहीत. तेव्हा भीतीपोटी एका रात्रीत जमिनीचा तुकडा विकण्याचे कारण नाही. उग्र रोगात मात्र दिरंगाई नको.

ज्ञातीतील तरुणांना माझी एवढीच विनंती आहे. वडिलांची तक्रार हसण्यावारी नेऊ नका. त्यांच्यासोबत जा, सारे कागद एकत्र जपून ठेवा, आणि शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी हे दोन प्रश्न विचारा. प्रश्न विचारल्याने वैद्यांचा अवमान होत नाही.