पदक राहून गेलं तर? रिझर्व्ह सैनिक, हरवलेली शिफारस आणि दोन वर्षांची मुदत

आजच्या भागात कोडिंग नाही, इंटरव्ह्यूची तयारी नाही आणि व्हिसाचं रडगाणंही नाही. आज बोलायचंय एका पदकाबद्दल, जे वेळेवर मिळालं नाही. सैनिक रिटायर झाल्यावर असं राहून गेलेलं पदक मागायला जातो, तेव्हा नेमकं काय होतं, ते आज बघू.

विषय अमेरिकेचा आहे. मी सध्या इथे काम करतो आणि आमच्या टीममध्ये पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत, डेटाबेस सांभाळतात. इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावानेच हाक मारतात, मीही मारतो. पण मराठीत सांगताना ते जिभेवर येत नाही, म्हणून आज त्यांना आपण सार्जंट काका म्हणू. काका २२ वर्षं आर्मी रिझर्व्हमध्ये होते. मागच्या वर्षी ते मला म्हणाले, "तुला लॉग शोधायची सवय आहे ना? माझे वीस वर्षांपूर्वीचे कागद शोधायला मदत करशील?" मी हो म्हटलं आणि पुढचे कित्येक शनिवार त्यात गेले.

आधी रिझर्व्ह म्हणजे काय ते बघू, कारण सगळी गोची तिथेच आहे. रिझर्व्हचा सैनिक एरवी तुमच्या-माझ्यासारखा नोकरी करतो. महिन्यातून एक वीकेंड परेड आणि वर्षातून साधारण दोन आठवडे ट्रेनिंग. बोलावणं आलं की मात्र वर्षभरासाठी थेट युद्धावर. हजेरीचे पॉइंट्स असतात. वर्षाला किमान ५० पॉइंट्स झाले तरच ते वर्ष पेन्शनसाठी धरतात, आणि अशी २० वर्षं भरावी लागतात. पेन्शनही साधारणपणे साठाव्या वर्षी सुरू होते. म्हणजे अख्खी नोकरी तुकड्यातुकड्यांत, आणि कागदपण तुकड्यातुकड्यांत.

काका २००५ साली इराकला गेले. त्यांची स्वतःची तुकडी नव्हती, दुसऱ्या एका ट्रक तुकडीत माणसं कमी होती, तिथे त्यांना भरलं गेलं. असं रिझर्व्हमध्ये नेहमी चालतं. एका रात्री त्यांच्या ताफ्यावर हल्ला झाला, पुढचा ट्रक पेटला. काकांनी त्यातल्या दोघांना बाहेर काढलं आणि आपल्या ट्रकमध्ये घालून तळापर्यंत आणलं. त्यांचा लेफ्टनंट दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मी तुझं नाव ब्रॉन्झ स्टारसाठी पाठवतोय." वर्ष संपलं, सगळे घरी आले, पदक काही आलं नाही. काकांनीही विचारलं नाही. "पदक मागायचं असतं का?" असं ते म्हणायचे.

आता कल्पना करा. नियमित सैन्यात तुकडी परत येते तेव्हा सगळे एकाच छावणीत असतात. ऑफिसर रोज भेटतो, क्लार्क रोज दिसतो. रिझर्व्हमध्ये परत आल्यावर काही दिवसांत सगळे आपापल्या गावी पांगतात. लेफ्टनंट परत त्याच्या इन्शुरन्सच्या नोकरीत, काका त्यांच्या मूळ तुकडीत. तिथे कुणालाच माहीत नाही की इराकमध्ये त्या रात्री काय झालं. जिथे घडलं ती तुकडी एक, आणि काकांची फाईल जिथे राहते ती तुकडी दुसरी.

कागद शोधायला बसलो तेव्हा सगळ्यात आधी एक गोष्ट कळली. पदकं दोन प्रकारची असतात आणि दोघांचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत.

पहिला प्रकार हक्काचा. अमुक अट पूर्ण केली की मिळायलाच हवं. उदाहरणार्थ, आर्म्ड फोर्सेस रिझर्व्ह मेडल. हे १९५० सालापासून आहे. रिझर्व्हमध्ये दहा वर्षं सेवा झाली की मिळतं आणि त्याच्या फितीवर वाळूच्या घड्याळाचं छोटं चिन्ह लावतात. १० वर्षांना ब्रॉन्झ रंगाचं, २० ला चांदीच्या, ३० ला सोन्याच्या. युद्धासाठी बोलावलं गेलं असेल तर वेगळं 'एम' अक्षर. पर्पल हार्टही याच प्रकारात मोडतं. शत्रूच्या हल्ल्यात जखमी झालात आणि उपचाराची नोंद आहे, तर तो तुमचा हक्क असतो. इथे कुणाच्या मताचा प्रश्न नाही. नोंद दाखवा, दुरुस्ती करून घ्या.

दुसरा प्रकार शिफारशीचा. ब्रॉन्झ स्टार, सिल्व्हर स्टार, शौर्यासाठीची बाकी पदकं. इथे स्वतःची शिफारस स्वतः करता येत नाही. घटना प्रत्यक्ष माहीत असलेल्या दुसऱ्याच कुणीतरी डीए फॉर्म ६३८ भरायचा, वरच्या अधिकाऱ्यांनी त्यावर मत द्यायचं. आणि मुदत असते. ब्रॉन्झ स्टारसारख्या पदकाची शिफारस घटनेपासून दोन वर्षांच्या आत सैन्याच्या यंत्रणेत दाखल व्हायला हवी.

वेळेत लिहिलं गेलं तर काय होतं, त्याचं एक उदाहरण देतो. २० मार्च २००५ ला इराकमध्ये सलमान पाकजवळ एका ताफ्यावर हल्ला झाला. केंटकी नॅशनल गार्डच्या मिलिटरी पोलीस तुकडीने तो परतवला. त्यात सार्जंट ली ॲन हेस्टर होत्या. नॅशनल गार्ड म्हणजे तीही अर्धवेळ सैनिकांचीच फौज. १६ जून २००५ ला, म्हणजे तीन महिन्यांच्या आत, त्यांना सिल्व्हर स्टार मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री सैनिक.

आता उलटं उदाहरण. कॅप्टन पॅरिस डेव्हिस, स्पेशल फोर्सेस, व्हिएतनाम, जून १९६५. स्वतः जखमी असताना त्यांनी आपल्या माणसांना आगीतून बाहेर आणलं. अमेरिकेच्या सर्वोच्च पदकासाठी, मेडल ऑफ ऑनरसाठी, त्यांच्या वरिष्ठांनी शिफारस केली. ती हरवली. १९६९ मध्ये पुन्हा पाठवायला सांगितलं गेलं, तीही हरवली. डेव्हिस कृष्णवर्णीय होते, आणि वंशभेदाचा यात वाटा होता असं त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं राहिलं. ते कर्नल होऊन १९८५ ला निवृत्त झाले. जुने सहकारी आणि स्वयंसेवक कागद पुन्हा उभे करत राहिले. ३ मार्च २०२३ ला पदक गळ्यात पडलं तेव्हा त्यांचं वय ८३ होतं.

दोन्ही गोष्टींत शौर्य आहेच. फरक पडला तो कागद पोचण्यात.

परत काकांकडे येऊ. मी एक साधी स्प्रेडशीट केली. चार कॉलम: कोणतं पदक, कोणता कागद लागतो, तो कुठे आहे, आणि कोण साक्षीदार. पहिल्या प्रकारचं काम सोपं निघालं. डीडी २१४ नावाचा एक कागद असतो, सक्रिय सेवेतून सुटताना मिळतो. पण वीकेंडच्या परेडसाठी तो मिळत नाही. त्यामुळे काकांच्या डीडी २१४ वर इराकचं वर्ष होतं, बाकी २१ वर्षं नव्हतीच! पॉइंट्सचा हिशेब आणि वीस वर्षं पूर्ण झाल्याचं पत्र जोडून अर्ज केला. काही महिन्यांत दुरुस्ती आली आणि चांदीचं घड्याळ फितीवर बसलं.

दुसरा प्रकार अवघड. लेफ्टनंट लिंक्डइनवर सापडला. भला माणूस. म्हणाला, "मी फॉर्म भरला होता, मला नक्की आठवतंय." त्याने माळ्यावरची जुनी हार्ड डिस्क काढली आणि खरंच, फॉर्मची फाईल मिळाली, तारीख २००५ ची! काकांना वाटलं झालं काम. पण नीट बघितलं तर फॉर्मवर सही नव्हती, पुढच्या अधिकाऱ्याचं मत नव्हतं, पाठवल्याची ईमेल नव्हती. आपल्या भाषेत सांगायचं तर कमिट होतं, पुश नव्हतं.

हा फरक किती मोठा आहे बघा. शिफारस मुदतीत दाखल झाली होती आणि नंतर हरवली हे ठोस पुराव्याने दाखवता आलं, तर तिचा पुन्हा विचार होऊ शकतो. पण दाखल झाल्याचाच पुरावा नसेल, तर तो दरवाजा बंद. फाईलवरची तारीख एवढंच सांगते की कुणीतरी त्या दिवशी ती सेव्ह केली.

मग उरतो एक रस्ता. १९९६ सालच्या एका कायद्याने तो उघडला, कलम ११३०. मुदत उलटून गेली असली तरी संसदेचा सदस्य, म्हणजे काँग्रेसमन किंवा सिनेटर, सैन्याला विनंती करू शकतो की या सैनिकाच्या प्रकरणाचा गुणवत्तेवर विचार करा. लक्षात घ्या, खासदार पदक देत नाही. तो फक्त मुदतीची अडचण बाजूला करतो. बाकी सगळं लागतंच: फॉर्म ६३८, घटनेचं सविस्तर वर्णन, पदकासोबत वाचायच्या मजकुराचा मसुदा, तेव्हाच्या अधिकाऱ्यांची मतं आणि प्रत्यक्षदर्शींची शपथेवरची निवेदनं.

यासाठी काकांना त्या रात्री बाहेर काढलेल्या दोघांना शोधावं लागलं. एक जण आधीच गेले होते. दुसरे ओहायोत राहतात, ट्रकच चालवायचे, आता लिव्हरच्या आजाराने घरी आहेत. काकांना फोन करायचा संकोच वाटत होता. आजारी माणसाला काय सांगणार, मला पदक हवंय? शेवटी केला. पलीकडून उत्तर आलं, "तुला पदक मिळो न मिळो, मला ते लिहून ठेवायचंय. माझ्या मुलींना माहीत नाही की त्यांचा बाप घरी कसा आला." त्यांनी दोन पानं हाताने लिहिली आणि नोटरीला घरी बोलावून सही केली.

त्या दिवसापासून काकांचं 'पदक मागायचं असतं का' हे म्हणणं बंद झालं. मला वाटतं, त्यांना कळलं की हे फक्त त्यांचं नाही.

फाईल खासदारांच्या ऑफिसमार्फत फोर्ट नॉक्सला गेली आहे. सैन्याच्या मनुष्यबळ विभागाची पदकांची शाखा तिथे आहे. निकाल अजून आलेला नाही. नाही म्हणाले तर सैनिकी नोंदी दुरुस्त करणारं एक मंडळ आहे, तिथे डीडी १४९ फॉर्मने दाद मागता येते. तिथेही चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, पण न्यायाच्या दृष्टीने मंडळ ती माफ करू शकतं.

मध्यंतरी एका मित्राने विचारलं, "एवढं करून पैसे किती मिळणार?" ब्रॉन्झ स्टारचे पैसे मिळत नाहीत. एक फरक मात्र पडतो. युद्धाचा मानसिक आघात झालेला सैनिक सरकारकडे मदत मागतो तेव्हा आधी विचारतात, तुम्ही प्रत्यक्ष लढाईत होतात का? शौर्याचं पदक किंवा कॉम्बॅट ॲक्शन बॅज नोंदीत असेल तर ते सिद्ध करणं सोपं जातं. हा बॅज २००५ साली सुरू झाला आणि १८ सप्टेंबर २००१ पर्यंत मागे जाऊन लागू केला गेला. ट्रक चालवणाऱ्यांना, स्वयंपाक्यांना, मेकॅनिकना, म्हणजे पायदळात नसूनही गोळीबारात सापडलेल्यांना तो मिळतो. त्यातले बरेच जण रिझर्व्हचे. त्यामुळे कुणी ओळखीचं असेल तर आधी एवढं तरी तपासायला सांगा.

आणि कागद जळालेसुद्धा आहेत बरं का. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या नोंदी केंद्राला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाईली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात सैन्यातून सुटलेल्यांच्या सुमारे ८० टक्के. त्या लोकांच्या नातवंडांना घरातली पत्रं, फोटो, पगाराच्या पावत्या जोडून सेवा सिद्ध करावी लागते.

आपल्याकडेही अर्धवेळ सैनिक आहेत. टेरिटोरियल आर्मी, म्हणजे प्रादेशिक सेना, १९४९ पासून आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची १०९ टीए बटालियन कोल्हापूरचीच. नियम वेगळे आहेत, अमेरिकेचे फॉर्म इथे चालणार नाहीत. पण नोकरी एकीकडे, वर्दी दुसरीकडे आणि कागद तिसरीकडे, ही परिस्थिती तीच. तुमचे आजोबा, काका, मामा अशा सेवेत असतील तर या रविवारी फोन घेऊन त्यांच्याजवळ बसा. डिस्चार्ज बुक, सेवेचे दाखले, फोटोंच्या मागचा मजकूर, सगळ्याचे स्पष्ट फोटो काढा आणि दोन ठिकाणी ठेवा. मग त्यांना विचारा, "तेव्हा तुमच्यासोबत कोण होतं?" नावं, गावं, फोन नंबर लिहून घ्या. कागदाची नक्कल कधीतरी कुठल्या तरी कपाटात सापडते. साक्षीदाराची नक्कल नसते, म्हणून सुरुवात तिथून करा.

काकांच्या फाईलचं काय झालं ते कळलं की एखाद्या भागात सांगेनच. तोवर तुमच्या घरातल्या कुणाची अशी अडकलेली फाईल असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा, ऐकायला आवडेल. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!