साथ जात पाहत नाहीं काय?

साथ जातगोत पाहत नाहीं असें पढिक लोक सांगतात. आम्ही पडलों खेड्यांतले मास्तर; आंकडा पाहिल्याशिवाय आमचें समाधान होत नाहीं.

१९१८ च्या जूनमध्यें, महायुद्ध चालू असतांना, इन्फ्ल्यूएंझा मुंबई बंदरांत उतरला. आपले वाडवडील त्याला मानमोडी म्हणत. फौजांबरोबर तो देशोदेशीं फिरला. त्याच वर्षीं पावसानें दगा दिला, धान्य महागलें, आणि भुकेल्या पोटांवर सप्टेंबरांत दुसरी लाट आली. त्या वेळच्या हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें गेलीं.

मुंबईचा हिशेब ऐका. दर हजारीं युरोपियन मेले ८.३, वरच्या जातींचे हिंदू १८.९, आणि ज्यांना खालच्या जातीचे म्हणून नोंदलें ते ६१.६! जंतु तोच, हवा तीच. मग सातपटींहून अधिक फरक कशाचा? एका खोलींत कोंबलेलें बिऱ्हाड, रोज बुडूं नये म्हणून तापांतहि कामावर जाणारा बाप, आणि सगळेंच घर अंथरुणाला खिळलें तर तोंडांत पाणी घालायला कोणी नाहीं, याचा तो फरक. दैव म्हणावें, तर दैवाला जातवार नोंदवही कोणी दिली?

हें उदाहरण आम्ही सातवीच्या मुलांना घालतों. किती पट तें मुलें चटकन् सांगतात; कां, म्हणून विचारलें कीं वहीकडे पाहत बसतात.