चकाकी आणि कस
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी सांग, पण आम्हाला कळेल असं," अशी संयोजकांची अट होती. म्हणून आज आपल्या सगळ्यांच्या खिशात असलेला विषय घेतला आहे, व्हिडिओ गेम. ते चालतात कसे, हे सांगत नाही. ते दिसतात कसे आणि त्या दिसण्याच्या जोरावर मोठ्या माणसांना विकले कसे जातात, एवढंच सांगते.

वाचनालयातली टेबलं आठवा. 'चांदोबा'चं मुखपृष्ठ लांबून दिसलं तरी ते मुलांचं मासिक, हे कळायचं. जुन्या गठ्ठ्यात दीनानाथ दलालांनी रंगवलेला 'दीपावली' अंक निघाला, की तो मोठ्यांचा, हेही कुणी सांगावं लागत नसे. आत काय लिहिलंय ते नंतर. वाचक कोण, ते आधी चित्र ठरवायचं. गेम विकणाऱ्या कंपन्यांचा बराचसा धंदा याच सवयीवर चालतो.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीचं उदाहरण घ्या. त्यांच्या 'कर्बी' या गेममधला नायक म्हणजे गुलाबी, गुबगुबीत गोळा. जपानी खोक्यांवर तो हसरा असायचा. तोच अमेरिकेतल्या अनेक खोक्यांवर भुवया चढवून, रागावलेला दिसायचा. आतला गेम तोच, पण गोंडस चेहरा पाहून तिथली थोडी मोठी मुलं 'हे बारक्यांचं' म्हणून पाठ फिरवतील, ही भीती.

'झेल्डा' या मालिकेचं तर याहून बोलकं. २००० साली कंपनीने तलवारबाजीचं खरंखुरं वाटणारं दृश्य एका प्रदर्शनात दाखवलं. पुढच्या वर्षी प्रत्यक्ष गेमची झलक आली ती कार्टूनसारखी. चाहते खवळले. २००२ मध्ये 'विंड वेकर' नावाने तो गेम जपानमध्ये निघाला. समीक्षकांनी वाखाणला, पण अमेरिकेत विक्री मंदावली. हा लहान मुलांचा गेम आहे असा समज चित्रांमुळे झाला, असं कारण पुढे खुद्द त्याच्या दिग्दर्शकांनीच दिलं. २००६ मध्ये आलेला 'ट्वायलाइट प्रिन्सेस' मग काळपट आणि गंभीर दिसू लागला. आज मात्र 'विंड वेकर'ची चित्रं ताजी वाटतात. हुबेहूब दिसण्याची शर्यत दर काही वर्षांनी नवं यंत्र आलं की जुनी होते, शैली तेवढ्या लवकर जुनी होत नाही.

आता आपल्या जवळचं, पुण्याचं. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संघाने 'राजी' हा गेम केला. भावाला सोडवायला निघालेल्या, सर्कशीत वाढलेल्या मुलीची ती गोष्ट. हुबेहूब दृश्यांवर मोठ्या कंपन्या करतात तेवढा खर्च अशा संघाला झेपणारा नव्हता. त्यांनी राजस्थानी वाडे-किल्ले घेतले, पहाडी लघुचित्रांसारखे हाताने रंगवलेले पृष्ठभाग घेतले, आणि गोष्ट पुढे नेण्यासाठी छायाबाहुल्या घेतल्या. आपल्या कोकणात पिंगुळीला ज्या परंपरेने आहेत, त्याच जातीच्या. २०१७ मध्ये लोकांकडून पैसे उभारण्याचा त्यांचा प्रयत्न यशस्वी झाला नाही. तरी गेम २०२० मध्ये बाजारात आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी नामांकित झाला. ऑनलाइन दुकानात गिऱ्हाईक आधी पाहतं ते काडेपेटीएवढं चित्र. शेकडो करड्या सैनिकांच्या गर्दीत असं चित्र नजरेत भरतं.

इथवरचा नियम असा, की भडक आणि गोल ते मुलांचं, करडं आणि टोकदार ते मोठ्यांचं. 'कँडी क्रश'ने तो उलटा केला. २०१२ मध्ये आलेला हा गेम चकचकीत गोळ्या-चॉकलेटांचा, पण त्याचं गिऱ्हाईक मोठं माणूस. बंदूकधारी सैनिकाचा गेम एसटीत उघडायला जी बाई संकोचेल, ती हा निवांत खेळते. "मी कुठे गेम खेळते, जरा टाइमपास," असं वर म्हणते. तो संकोच त्या चित्रांनीच काढून घेतलेला असतो. मग पाच 'जीव' संपतात. पुढचा जीव मिळायला अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे भरा. गोळीच्या गोड रंगाआड हा हिशेब चटकन दिसत नाही.

म्हणून इथल्या आई-बाबांना आणि शिक्षकांना एक विनंती. कार्टून दिसलं म्हणून फोन निर्धास्तपणे मुलाच्या हाती देऊ नका, आणि रक्त दिसत नाही म्हणून स्वतःच्या खिशाबद्दलही बेफिकीर राहू नका. गेमच्या पानावर ३+, १२+, १८+ असा वयाचा आकडा असतो, आणि गेममध्ये खरेदी आहे का, हेही लिहिलेलं असतं. चित्रावर आपली नजर आपोआप जाते, या दोन ओळींवर ती मुद्दाम न्यावी लागते. आणि ज्यांना "गेम म्हणजे पोरखेळ" वाटतं, त्यांनी एकदा 'राजी' पाहावा. चित्रकलेच्या तासाला रमणारी मुलं उद्या यातही पोट भरू शकतात.

आपल्या विट्याची गलाईवाली माणसं देशभर पसरली आहेत, त्यातले काही मित्र आज समोर बसलेत. चकाकीवरून कस ठरत नाही, हे त्यांना मी काय सांगणार? आटवून पाहावं लागतं. गेमच्या बाबतीत तेवढीच सवय आपण सगळ्यांनी लावून घेऊ या.